गिटारच्या दांडीचा बाक

बदलीच्या नोकरीत असलेल्या कुटुंबाचे सामान दर तीन-चार वर्षांनी एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात हलत असते. ट्रंका, पुस्तकांची खोकी, देवघर, आणि हल्ली पुष्कळ घरांतून एक गिटारही. मुंबईच्या दमट हवेत चार वर्षे गोड वाजलेली ही गिटार ऐन एप्रिलात दिल्लीस किंवा नागपूरला पोहोचते, आणि महिन्याभरात तिचे काहीतरी बिनसते. तारा पडद्यांवर घासून झणझणू लागतात. दांडीवरून हात फिरवला तर पडद्यांची टोके बोटांना बोचतात. उलट जयपूरहून कोचीस गेलेल्या गिटारच्या तारा भर पावसाळ्यात इतक्या वर उचलल्या जातात की त्या दाबताना कोवळ्या बोटांवर वळ उठावेत. घरात जी मुलगी किंवा जो मुलगा हे वाद्य शिकत असतो, तो प्रथम स्वतःलाच दोष देतो. आपलाच हात बसत नाही, आपल्यालाच सूर सापडत नाही, अशी त्याची समजूत होते. वडीलधारी मंडळीही ‘रियाज कमी पडतो’ म्हणून मोकळी होतात. काही दिवसांनी ते वाद्य कपाटावर चढते, आणि तेथून ते सहसा खाली येत नाही.

अशा अनेक प्रसंगी दोष वाजवणाऱ्याच्या हाताचा नसून लाकडाचा असतो. आणि लाकडाचा म्हणण्यापेक्षा हवेचा असतो. तो ओळखावयास फार मोठे ज्ञान लागते असेही नाही. मात्र दुरुस्तीचा चुकीचा प्रयत्न केला तर चांगले वाद्य कायमचे हातचे जाऊ शकते. म्हणून काय करावे याच्या आधी काय घडते, हे समजून घेणे हिताचे.

सतार ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना गिटारची अंगे अनोळखी वाटू नयेत. तबली आहे, घोडी आहे, दांडी आहे, पडदे आहेत, खुंट्या आहेत. दांडीच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात ती हाडाची वा प्लास्टिकची पट्टी म्हणजे आपला मेरू. गिटारवाले तिला नट म्हणतात. परंतु एका बाबतीत या दोन वाद्यांचा स्वभाव अगदी निराळा आहे. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. रागाला हवा असेल तसा पडदा वर-खाली सरकवता येतो, आणि दांडीत किंचित फरक पडला तर वादक तो पडदा हलवून निभावून नेतो. गिटारचे पडदे दांडीच्या पट्टीत खाच पाडून कायमचे ठोकलेले असतात. त्यांच्या जागा गणिताने ठरतात: मेरूपासून घोडीपर्यंतच्या लांबीला 17.817 ने भागावे, तेथे पहिला पडदा; उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागावे, तेथे दुसरा. असे करत गेले म्हणजे बारावा पडदा बरोबर मध्यावर येतो आणि तेथे मूळ सुराचा वरचा षड्ज मिळतो. हे गणित दांडी सरळ आहे असे गृहीत धरून केलेले असते. दांडीच वाकली तर सरकवायला पडदा नाही. तेव्हा सरळ करावयाची ती दांडीच.

आणि ती वाकण्यास कारणही तसेच जबर आहे. पोलादी तारांच्या गिटारवर सहा तारा नेहमीच्या सुरात लावल्या म्हणजे त्यांचा एकत्रित ओढा सुमारे सत्तर ते पंचाहत्तर किलोग्रॅम भरतो. एक धष्टपुष्ट मनुष्य त्या दांडीच्या टोकाला रात्रंदिवस लोंबकळतो आहे, अशी कल्पना करावी. नायलॉनच्या तारांच्या गिटारवर हा ओढा बराच कमी, म्हणजे चाळीस किलोग्रॅमच्या आसपास असतो. स्पेनमधील आल्मेरियाचे आंतोनिओ दे तोरेस यांनी एकोणिसाव्या शतकात गिटारला जो आकार दिला, तो आतड्याच्या सौम्य तारांसाठी होता. पुढे विसाव्या शतकात, विशेषतः अमेरिकेत, मोठ्या आवाजाच्या हौसेने पोलादी तारा रूढ झाल्या, आणि जुन्या घडणीच्या दांड्या त्या ओढ्यापुढे वाकू लागल्या.

यावर गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या थॅडियस मॅकह्यू यांनी जो उपाय काढला, त्याचे पेटंट 1923 साली मिळाले. दांडीच्या पोटात, पडद्यांच्या पट्टीखाली, एक लांब खोबण पाडून तीत पोलादी सळई बसवायची आणि तिच्या एका टोकाला आटे पाडून त्यावर नट चढवायचा. हा नट आवळला की सळईला ताण बसतो आणि ती दांडीला तारांच्या ओढ्याविरुद्ध मागे खेचते. या सळईला ट्रस रॉड असे नाव आहे. छपराच्या कैच्यांना इंग्रजीत जो शब्द आहे तोच हा. कल्पना इतकी सोपी, की ती सर्वांनी तत्काळ उचलली असेल असे वाटावे, परंतु सी. एफ. मार्टिन यांची जी विख्यात पेढी 1833 पासून अमेरिकेत गिटारी बनवीत आली आहे, तिने आपल्या दांड्यांत फिरवता येणारी सळई घालायला 1985 साल उजाडले. तोपर्यंत तिचे कारागीर दांडीत पोलादाची न हलणारी पट्टी घालून, लाकडाच्या निवडीवर आणि हाताच्या कौशल्यावर भिस्त ठेवीत. जुन्या घराण्यांना नव्या युक्तीचे वावडे असावे, हे वाद्यांच्या बाबतीतही खरे दिसते.

येथे एक गोष्ट पुष्कळांना चमत्कारिक वाटते. सळईचे काम दांडी सपाट पट्टीसारखी सरळ करणे हे नाही. दांडीत किंचित, अगदी केसाएवढा, पुढच्या बाजूस बाक हवाच असतो. छेडलेली तार दोन टोकांशी स्थिर असते आणि मधोमध सर्वांत जास्त झुलते. दांडी निव्वळ सरळ असेल आणि तारा खाली असतील, तर झुलणारी तार मधल्या पडद्यांना लागते व झणझण ऐकू येते. दांडीला बाक असला की तारेच्या झोक्याला जागा मिळते. हा बाक सुमारे पाव मिलीमीटर असावा. इतक्या अल्प अंतरावर वाद्याचा सारा सुखदपणा अवलंबून असतो.

तानपुऱ्याची आठवण येथे अपरिहार्य आहे. मिरजेच्या कारागिरांची सारी कीर्ती ज्या जवारीवर उभी आहे, ती जवारी म्हणजे तरी काय? तार घोडीच्या किंचित उताराच्या पृष्ठभागाला हलकेच स्पर्श करीत राहते आणि त्या स्पर्शातून स्वरांचे मोहोळ उठते. म्हणजे तारेने कशाला तरी घासणे हा एका वाद्याचा प्राण आणि दुसऱ्याचा रोग. तानपुऱ्याच्या तारेखाली सुताचा धागा सारून कारागीर ती घसट नेमकी आणतात. गिटारचा कारागीर तीच घसट जिवाच्या आकांताने टाळतो. ब्रिजभूषण काब्रा यांनी हिंदुस्थानी रागसंगीतासाठी गिटार हाती घेतली तेव्हा तिसराच मार्ग धरला. वाद्य आडवे मांडीवर, तारा पडद्यांपासून चांगल्या उंच, आणि त्यांवरून सरकणारी धातूची कांडी. 1967 सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांच्या संतूरबरोबर आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीबरोबर जी गिटार ऐकू येते, ती या जातीची. तेथे तार पडद्याला टेकतच नाही. त्यामुळे पाव मिलीमीटरचा हा सगळा खटाटोप त्या वादकाच्या वाट्याला येत नाही. तो येतो बोटांनी तार दाबून वाजवणाऱ्यांच्या.

बाक किती आहे हे पाहण्यास वेगळे उपकरण नको. तार हीच सर्वांत उत्तम सरळ पट्टी होय. प्रथम वाद्य नेहमीच्या सुरात लावावे. ढिल्या तारांवर केलेली परीक्षा व्यर्थ. मग वाजवताना धरतो तसेच ते मांडीवर धरावे, टेबलावर उताणे ठेवू नये, कारण दांडीच्या स्वतःच्या वजनानेही फरक पडतो. डाव्या हाताच्या बोटाने सर्वांत जाड तार पहिल्या पडद्यावर दाबावी, आणि उजव्या हाताने तीच तार जेथे दांडी पेटीला मिळते त्या पडद्यावर, म्हणजे बहुधा चौदाव्यावर, दाबावी. आता सहाव्या-सातव्या पडद्याचा माथा आणि तार यांच्यामधील फट पाहावी. साधे भेटकार्ड अलगद शिरेल एवढी फट असली तर दांडी ठीक आहे. कार्ड सैल हलत असेल तर बाक जास्त आहे. फट मुळीच नसेल, तार पडद्यावर टेकलेलीच असेल, तर दांडी सपाट झाली आहे किंवा मागे कलली आहे.

झणझण कोठे होते यावरूनही पुष्कळ कळते. पहिल्या चार-पाच पडद्यांत ती ऐकू येत असेल, तर बहुधा दांडीत बाक पुरेसा नाही. फक्त मोकळी तार झणझणते आणि कोठेही दाबली की स्वच्छ बोलते, असे असेल तर मेरूची खाच झिजून खोल गेली आहे. एकाच ठिकाणी, एकाच पडद्याशी आवाज येत असेल, तर शेजारचा पडदा खोबणीतून वर उचलला गेला असण्याचा संभव आहे. तेथे सळई फिरवून काही साधणार नाही. आणि कधी कधी झणझण खुंटीच्या ढिल्या झालेल्या स्क्रूचीही असते. ती शोधून काढण्यापूर्वी लोकांनी सारी दांडी बिघडवून ठेवल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

सळईचा नट एकतर गिटारच्या माथ्यावर, छोट्या झाकणाखाली असतो, किंवा पेटीच्या गोल भोकातून आत हात घातला की दांडीच्या बुडाशी लागतो. त्यात षट्कोनी किल्ली बसते. किल्ली घट्ट आणि नेमक्या मापाची हवी. काही वाद्यांना इंचांच्या मापाची लागते, काहींना मिलीमीटरच्या, आणि ‘जवळजवळ बसते’ अशी किल्ली वापरली तर खाचेचे कोपरे झिजून गोल होतात. मग तो नट कोणत्याच किल्लीला दाद देत नाही. नटाकडे समोरून पाहताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवले की सळई आवळते आणि बाक कमी होतो. उलट फिरवले की ती सैल होते आणि तारांच्या ओढ्याने बाक वाढतो. आवळायचे असेल तेव्हा तारा थोड्या उतरवून घ्याव्यात, म्हणजे सळईला सत्तर किलोंशी झुंजावे लागत नाही.

किती फिरवावे? एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा अधिक कधीही नाही. पुष्कळदा आठवा हिस्साच पुरतो. तेवढे फिरवून वाद्य पुन्हा सुरात लावावे, पुन्हा भेटकार्डाची परीक्षा घ्यावी, आणि शक्य तर एक रात्र जाऊ द्यावी. लाकूड पोलादाइतके चटकन हुकूम मानत नाही, ते सावकाश वळते. या कामात घाई करणाऱ्याचे नुकसान मोठे होते. नट जड लागत असताना जोर लावला आणि आतली सळई तुटली, तर ती काढण्यासाठी पडद्यांसकट सगळी पट्टी उकलावी लागते. साध्या गिटारच्या बाबतीत हा खर्च वाद्याच्या किमतीहून जास्त होतो. म्हणजे वाद्य गेलेच. जड लागले की थांबावे आणि जाणत्या कारागिराकडे जावे. त्यात कमीपणा कसला?

दुसरी मोठी चूक म्हणजे तारा उंच वाटल्या की सळई आवळणे. तारांची उंची अनेक कारणांनी वाढते, आणि बाक हे त्यांपैकी एकच कारण आहे. दांडीचा बाक ठीक असूनही तारा उंच असतील, तर उत्तर घोडीत शोधावे. घोडीच्या खोबणीत जी हाडाची बारीक पट्टी बसवलेली असते तिची उंची कमी करता येते. बाराव्या पडद्यापाशी जाड तार सुमारे अडीच आणि बारीक तार सुमारे दोन मिलीमीटर उंच असली म्हणजे पोलादी तारांची गिटार सुखाने वाजते. नायलॉनच्या तारांना एकेक मिलीमीटर अधिक लागतो, कारण त्यांचा झोका मोठा. आता बारावा पडदा नेमका मध्यावर असल्यामुळे हिशेब सोपा होतो: तेथे अर्धा मिलीमीटर उतरवायचा तर हाडाची पट्टी एक मिलीमीटर घासावी लागते. ती बुडाकडून घासावी, सपाट काचेवर पॉलिश कागद अंथरून, आणि घासण्यापूर्वी जुन्या उंचीची पेन्सिलीने रेघ ओढून ठेवावी. घासलेले हाड परत वाढत नाही, हे सांगण्याची गरज नसावी. पण ते विसरलेले लोक असतात. नायलॉनच्या पुष्कळ गिटारींत सळई नसतेच; त्यांना हाच एक मार्ग मोकळा असतो.

याच ओघात एका अपघाताचा उल्लेख केला पाहिजे, कारण तो आपल्याकडे वारंवार घडतो. दुकानात नायलॉनच्या तारा नाहीत म्हणून शिकाऊ मुलाच्या नायलॉनी गिटारवर पोलादी तारा चढवल्या जातात. आरंभी आवाज खणखणीत येतो आणि घरातील सर्वांना आनंद होतो. पण त्या पातळ तबलीला आणि सळईवाचूनच्या दांडीला जवळजवळ दुप्पट ओढा सोसायचा असतो. काही आठवड्यांत तबली घोडीमागे फुगते, घोडी सांध्यातून उकलू लागते, आणि एखाद्या रात्री ती मोठा आवाज करून उखडून येते. गिटारला कोणत्या तारा आहेत हे घोडीवरून ओळखता येते: तारा घोडीलाच गाठ मारून बांधलेल्या असल्या तर ती नायलॉनची, तारेच्या टोकाचा मणी लहान खुंटीने भोकात दाबून बसवलेला असला तर ती पोलादी तारांची.

आता हवेकडे वळू. लाकूड मेले तरी हवेतील ओल पिण्याची त्याची सवय जात नाही. पावसाळ्यात दार चौकटीत दाटते आणि दिवाळीनंतर मोकळे होते, हा घरोघरचा अनुभव आहे. लाकूड फुगते किंवा आकसते ते मुख्यतः रेषांच्या आडव्या दिशेने. लांबीत फारसा फरक पडत नाही. गिटारची तबली स्प्रूससारख्या हलक्या लाकडाची, जेमतेम अडीच-तीन मिलीमीटर जाडीची आणि सुमारे चाळीस सेंटिमीटर रुंदीची असते. कडांशी ती चिकटवून जखडलेली असल्यामुळे फुगल्यावर तिला बाजूस पसरता येत नाही. ती वर उमलते, घोडीला वर उचलते आणि तारा दांडीपासून दूर जातात. कोचीच्या पावसाळ्यात घडते ते हे. कोरड्या हवेत उलट प्रकार: तबली खाली बसते, तारा पडद्यांवर येतात, दांडीच्या पट्टीचे लाकूड आकसते पण पडद्याची धातू आकसत नाही, म्हणून टोके बाहेर डोकावतात. त्याहून अधिक कोरडे झाले तर तबलीला तडा जातो. पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के सापेक्ष आर्द्रता हे गिटारचे माहेर समजावे. मुंबई, गोवा, कोलकाता येथे पावसाळ्यात हा आकडा ऐंशीच्या पुढे जातो. उत्तर भारतात आणि विदर्भात भर उन्हाळ्याच्या दुपारी तो वीसपर्यंत उतरतो. खोली थंड करणारी यंत्रेही हवेतील ओल शोषून घेतात, हे लक्षात राहत नाही.

या लाकडांपैकी एक आपल्या परिचयाचे आहे. गिटारच्या पाठीसाठी एके काळी ब्राझीलच्या शिसवीला मान होता. ते लाकूड दुर्मिळ झाले तेव्हा, 1969 साली, मार्टिन पेढीने आपल्या नेहमीच्या शिसवी गिटारींसाठी भारतीय शिसवीचा स्वीकार केला. तेव्हापासून सह्याद्री आणि निलगिरीच्या परिसरातील झाडांच्या फळ्या दूरदेशी जाऊन वाद्ये होऊन परत येतात. 2017 साली शिसवीच्या सर्व जातींच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले, आणि तयार वाद्यांनाही परवान्यांचे कागद लागू लागले. 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. घरातील आजोबांचा शिसवी पलंग आणि नातीची गिटार यांचे नाते असे जवळचे असू शकते.

हवेवर आपला ताबा नाही, पेटीवर आहे. वाजवून झाले की गिटार भिंतीला टेकवून वा खुंटीला टांगून न ठेवता कडक पेटीत बंद ठेवावी. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी तापवून पुन्हा वापराव्यात. उन्हाळ्यात भोके पाडलेल्या साबणदाणीत ओलसर, परंतु पाणी न गळणारा, स्पंजाचा तुकडा ठेवावा. आर्द्रता दाखवणारे लहानसे यंत्र फार महाग नसते. ते पेटीतच राहू द्यावे. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत वाद्य कधीही ठेवू नये, कारण आतल्या उष्णतेने सांध्यांतील सरस मऊ होतो आणि घोडी जागची हलते.

नित्याची निगा त्या मानाने अल्प आहे. हाताचा घाम हा तारांचा शत्रू. वाजवल्यावर कोरड्या सुती फडक्याने तारा वरून आणि खालून पुसल्या तर त्या दुप्पट टिकतात. तारा बदलताना सगळ्या एकदम न काढता एकेक बदलावी, म्हणजे दांडीवरचा ओढा अकस्मात नाहीसा होत नाही. वर्षातून एक-दोनदा मात्र सगळ्या उतरवून पडद्यांमधला मळ किंचित ओल्या फडक्याने काढावा आणि पट्टी लगेच कोरडी करावी. खोबरेल किंवा मोहरीचे तेल चोळण्याची हौस आवरावी. ते चिकट होऊन धूळ धरते.

आणि बदलीचा हुकूम आलाच तर सामान बांधताना तारा एक-दोन सुरांनी उतरवाव्यात, पूर्ण सैल सोडू नयेत. माथ्याखाली, जेथे दांडी पेटीत अधांतरी असते, तेथे मऊ कापडाची घडी द्यावी. नव्या गावी पोहोचल्यावर पेटी तशीच बंद, घराच्या आतल्या खोलीत, एक दिवस राहू द्यावी. मग उघडून तारा सुरात लावाव्यात, आणि दोन-तीन आठवडे वाद्याला नव्या हवेत रुळू द्यावे. भेटकार्ड आणि किल्ली यांची पाळी त्यानंतर.